प्रतिध्वनी आणि लहान होडी : मत्स्यशोधक यंत्राच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

विसाव्या शतकातील मासेमारीच्या आधुनिकीकरणाचा इतिहास लिहिताना इंजिन, नायलॉनचे जाळे आणि बर्फ या तीन गोष्टींचा उल्लेख हटकून होतो. पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाची खोली आणि मासळीचा ठाव सांगणाऱ्या यंत्राकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. बंदरावर हे यंत्र 'फिशफाइंडर' या इंग्रजी नावानेच ओळखले जाते. त्याचा इतिहास जेथे सांगितला जातो तेथे तो पाणबुडीविरोधी युद्धतंत्राचा उपसिद्धांत म्हणून येतो. एका शास्त्रज्ञाने तत्त्व शोधले, दुसऱ्याने उपकरण बनवले, नौदलाने ते वापरले आणि युद्ध संपल्यावर उरलेले यंत्र मच्छीमारांच्या हाती आले, असा त्याचा क्रम सांगितला जातो.

हा क्रम खोटा नाही, परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले यंत्र खोली मोजणारे होते. त्याच्या कागदावर उमटलेला डाग म्हणजे मासळी आहे, कोणती आहे आणि ती जाळ्यात येण्याजोगी आहे की नाही, हे ठरवण्याचे काम होडीवर झाले. शिवाय मोठ्या जहाजासाठी घडवलेले यंत्र लहान होडीवर बसवणे हा एक स्वतंत्र प्रश्न होता. लाकूड, बुडबुडे, बॅटरी, वाळूचा किनारा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींत तो अडकून पडला होता. हे यंत्र कोणाला मिळाले, कोणाला उशिरा मिळाले आणि कोणाला मिळूनही फारसे उपयोगी पडले नाही, याची उत्तरे बव्हंशी या बाबींतच सापडतात. त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वाव, शिसे आणि कान

पाण्याखालचे न दिसणारे जग जाणून घेण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदवले आहे, की ईजिप्तचा किनारा एक दिवसाच्या प्रवासाइतका दूर असतानाच खोली मोजण्याची दोरी सोडली तर अकरा वाव खोलीवरून चिखल वर येतो. गोळ्याच्या खालच्या खोबणीत चरबी भरली, की तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून येई. खोलीबरोबरच तळाची जातही त्यामुळे कळे. कोणत्या तळावर कोणती मासळी चरते हे ठाऊक असलेल्या मच्छीमाराला ही दुसरी माहिती पहिलीइतकीच मोलाची होती. दोन्ही हात पसरून भरणारे 'वाव' हे माप कोकणच्या किनाऱ्यावरही खोलीसाठी पिढ्यान् पिढ्या वापरले गेले.

ध्वनीचा उपयोगही यंत्राआधीचा आहे. मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर 'जुरू सलाम' म्हणून ओळखला जाणारा अनुभवी मच्छीमार होडीवरून पाण्यात उतरत असे, डोके बुडवून माशांचे आवाज ऐकत असे आणि कोठे जाळे टाकावयाचे ते सांगत असे. आपल्याकडील घोळ ज्या कुळात मोडतो त्या सायनिडी कुळातील मासे वाताशयाला लागून असलेल्या स्नायूंच्या कंपनाने आवाज काढतात. वाताशय म्हणजे माशाच्या पोटातील हवेची पिशवी. घोळाची ही पिशवी वाळवून परदेशी पाठवली जाते आणि तिला मोठी किंमत येते. पुढे ज्या अवयवाने यंत्राला मासा 'दिसू' लागला तो अवयव हाच, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

हिमनग, पाणबुडी आणि तळ

पाण्यातील ध्वनीचा वेग पहिल्यांदा विश्वसनीय रीतीने मोजला गेला तो १८२६ साली जिनिव्हा सरोवरात. कोलॅडों आणि स्टर्म यांनी एका होडीवरून पाण्याखाली घंटा वाजवली, दुसऱ्या होडीवरून तिचा नाद ऐकला आणि सेकंदाला सु. १,४३५ मीटर हा आकडा काढला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा वेग साधारणतः १,५०० मीटर धरला जातो. म्हणजे तीस मीटर खोलीच्या पाण्यात ध्वनी तळाशी जाऊन परत येण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. एवढा लहान काळ मोजण्याचे साधन हाती येईपर्यंत तत्त्व माहीत असूनही उपयोग नव्हता.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर या शोधाला वेग आला. जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी हिमनग ओळखण्याच्या खटपटीत १९१३ साली प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी २७ एप्रिल १९१४ रोजी 'मायामी' या सरकारी नौकेवरून सु. दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी मिळवला. त्याच वेळी तळाचाही प्रतिध्वनी आला. तथापि फेसेंडेन यांच्या यंत्राची वारंवारता सु. ५४० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी अडीच मीटरांहून अधिक होती. इतक्या लांब तरंगाला हिमनग दिसतो, मासा दिसत नाही.

पहिल्या महायुद्धाने ही अडचण दूर केली. पॉल लान्जव्हँ यांनी फ्रान्समध्ये क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधलेल्या दाबविद्युत् परिणामाचा उपयोग करून क्वार्ट्झच्या चकत्यांपासून श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला आणि १९१८ साली पाणबुडीचे प्रतिध्वनी मिळवले. विजेचे कंपन ध्वनीत आणि परत आलेला ध्वनी विजेत बदलणारा हा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. आजच्या सर्वांत स्वस्त मत्स्यशोधकातही तत्त्वतः तोच असतो, फक्त क्वार्ट्झची जागा कृत्रिम सिरॅमिकने घेतली आहे. १९२५ ते १९२७ या काळात जर्मनीच्या 'मेटेओर' या संशोधन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाची हजारो मोजमापे घेतली, तेव्हा शिशाच्या दोरीचे युग संपल्यातच जमा झाले.

डागाचे वाचन

प्रतिध्वनी खोलीमापकाच्या कागदावर तळाची रेषा उमटत असे आणि कधीकधी त्या रेषेच्या वर, पाण्याच्या मध्यावर, न मागितलेले डाग उमटत. खोली मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष होता. हा दोष म्हणजेच मासळी आहे हे सिद्ध करण्याचे श्रेय विभागून द्यावे लागते. जपानमध्ये किमुरा यांनी १९२९ साली मासे ठेवलेल्या तळ्यात ध्वनीचा प्रयोग करून मासळीची चाहूल लागते हे दाखवले. ऑस्कर सुंड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने लोफोटेनजवळच्या कॉड माशांच्या थराचा आलेख १९३५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि विद्वज्जगात ही गोष्ट मान्य झाली.

परंतु सुंड यांच्या आधीच, १९३४ साली, रेइनेर्ट बोक्न या नॉर्वेजियन मच्छीमाराचा लहान माशांच्या थव्याचा आलेख छापला गेला होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथचे रोनाल्ड बॉल्स हे हेरिंग पकडणाऱ्या नौकेचे कप्तान १९३० च्या दशकात वर्षानुवर्षे एकच काम करीत राहिले. कागदावर डाग दिसला की जाळे टाकावयाचे, काय लागले ते लिहून ठेवावयाचे आणि पुढच्या वेळी तो अनुभव पडताळून पाहावयाचा. त्यांचे निष्कर्ष १९४८ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका तांडेलाने शास्त्रज्ञांच्या नियतकालिकात लिहावे ही त्या काळी असामान्य घटना होती. डागाचा अर्थ जाळ्याशी ताडून पाहण्याची सोय प्रयोगशाळेत नव्हती. ती रोज जाळे ओढणाऱ्यालाच होती, हे त्यामागील कारण उघड आहे.

जपानमधील उदाहरण याहून बोलके आहे. नागासाकी प्रांतातील कुचिनोत्सू या बंदरात कियोताका फुरुनो हे मासेमारी नौकांवरील विजेची कामे करीत असत. १९३८ साली त्यांनी आपला व्यवसाय सुरू केला. मासळीच्या थव्यातून बुडबुडे वर येतात, ही गोष्ट त्यांना एका अनुभवी मच्छीमाराकडून कळली आणि बुडबुडे असतील तर ध्वनी परतेल असा तर्क त्यांनी केला, असे त्या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. युद्धानंतर नौदलाची खोलीमापक यंत्रे मोडीत निघाली होती. त्यांवर फेरफार करून फुरुनो बंधूंनी १९४८ साली मत्स्यशोधक बाजारात आणला. पहिल्या यंत्रांवर मच्छीमारांचा विश्वास नव्हता. गोतो बेटांच्या परिसरात प्रत्यक्ष नौकांवर राहून, यंत्र दाखवते आणि जाळे आणते यांचा मेळ घालून तो मिळवावा लागला.

माशाचे शरीर पाण्यापेक्षा फारसे वेगळे नसते, म्हणून मांसावरून ध्वनी फारसा परतत नाही. वाताशयातील हवा मात्र पाण्याहून इतकी वेगळी असते, की परतणाऱ्या ध्वनीचा बहुतांश तिच्यावरूनच येतो. बुडबुड्यांचा तर्क कारणाच्या तपशिलात बरोबर नसला तरी दिशेने बरोबर होता. हवा होती, ती माशाच्या पोटात होती.

लहान होडीचा प्रश्न

आतापर्यंतची सर्व उदाहरणे बऱ्यापैकी मोठ्या नौकांची आहेत. कागदावर नोंद करणारे, निर्वात नलिकांवर चालणारे यंत्र जड होते. त्याला सुकी जागा, सतत वीज आणि तळातून आरपार बसवलेला ट्रान्सड्यूसर लागे. पाच-सात मीटर लांबीच्या, डेक नसलेल्या होडीत यांपैकी एकही गोष्ट नसते.

त्यांतही ट्रान्सड्यूसर कोठे बसवावयाचा हा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. हवेतून ध्वनी जवळजवळ जात नाही, म्हणून ट्रान्सड्यूसर आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही चालत नाही. होडी वेगाने जाऊ लागली की नाळेखालून फेस निघतो आणि तळाखालून मागे वाहतो. पंख्याभोवती आणखी बुडबुडे होतात. या दोहोंपैकी एकाच्याही वाटेत ट्रान्सड्यूसर आला, की पडदा कोरा तरी राहतो किंवा नुसत्या ठिपक्यांनी भरून जातो. लाकडी तळाला भोक पाडून तो बसवावयाचा, तर तळाच्या उताराला जुळणारा लाकडी ठोकळा घडवून त्याचे तोंड सरळ खाली करावे लागते. तोंड किंचित जरी तिरके राहिले तरी खोली चुकीची येते आणि होडीखालचा मासा दिसत नाही. लाकडाच्या आतून ध्वनी पाठवण्याचा मार्ग बंदच आहे, कारण लाकडाच्या तंतूंत हवा असते. काचतंतूच्या भरीव तळातून ध्वनी आरपार जातो. तेथे ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूने राळेने चिकटवता येतो, तळाला भोक पाडावे लागत नाही. मात्र राळेत एक बुडबुडा राहिला तरी काम फसते आणि तळाच्या दोन थरांमध्ये फोम असेल तर ही युक्ती चालत नाही. तिसरा मार्ग म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून दूर, कंसाने तो टांगणे. चौथा मार्ग सर्वांत साधा आहे. बांबूच्या किंवा लोखंडी नळीच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बांधून होडी थांबली असता कडेवरून पाण्यात धरावयाचा.

लहान बाबी येथेच संपत नाहीत. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ आणि कालवे चढली की प्रतिध्वनी क्षीण होतो. त्यावर जाड रंग फासला तरी तेच होते. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून घेताना मध्ये फ्यूज हवा. इंजिनाच्या तारांशेजारून ट्रान्सड्यूसरची तार नेली की पडद्यावर खोटे ठिपके उमटतात. खोलीचा आकडा ट्रान्सड्यूसरपासून मोजलेला असतो, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे, म्हणून त्यात तेवढी भर घालावी लागते. या प्रत्येक बाबीचे ज्ञान यंत्राच्या पेटीत येत नव्हते. होडीबांधणारा सुतार, इंजिनाचा मिस्त्री आणि तांडेल यांनी ते मिळून जमवले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'बसवणे' या क्रियापदाला मिळालेले स्थान फारच गौण आहे.

लहान होडीला परवडेल असे यंत्र अखेर आले, पण ते काम करणाऱ्या मच्छीमारासाठी बनवलेले नव्हते. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या कार्ल लोरन्स यांनी आपल्या मुलांसह १९५७ साली सुरू केलेल्या उद्योगातून १९५९ साली ट्रान्झिस्टरवर चालणारे, हातात उचलून नेता येईल असे यंत्र विक्रीस आले. फिरत्या तबकडीवर दिवा लुकलुकून खोली आणि मासा दाखवणाऱ्या या पेटीचा ग्राहक हा सुटीच्या दिवशी गोड्या पाण्याच्या सरोवरात गळ टाकणारा हौशी माणूस होता. १९८० च्या दशकात द्रवस्फटिकाचा जलरोधक पडदा आला, पुढे रंगीत पडदा आणि एकाच वेळी अनेक वारंवारतांचा पट्टा वापरणारी यंत्रे आली. या सर्व सुधारणांमागे मुख्यतः हौशी गळकऱ्यांची बाजारपेठ होती. जगातील सर्वांत गरीब मच्छीमाराच्या हाती जे यंत्र स्वस्तात पडले ते दुसऱ्याच्या करमणुकीचे उप-उत्पादन होते, हे विधान कठोर वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

याचे परिणाम यंत्राच्या घडणीत दिसतात. अशा यंत्रांत पाण्याच्या मध्यावर मिळालेल्या प्रतिध्वनीला माशाचे छोटे चित्र लावण्याची सोय असते. नवख्याला ती सुखावते, परंतु वाहून आलेला पालापाचोळा, बुडबुड्यांची रांग आणि मासा या तिघांनाही यंत्र तेच चित्र लावते. जाणता वापरणारा ही सोय बंद ठेवतो आणि मूळ प्रतिध्वनीच वाचतो. थांबलेल्या होडीखाली थांबलेला मासा पडद्यावर लांब रेषेसारखा दिसतो आणि चालत्या होडीखालून शंकूच्या मध्यातून गेलेला मासा कमानीसारखा. कमान का उमटते हे समजण्यासाठी भूमितीचे थोडे ज्ञान लागते. शंकूच्या कडेला असलेला मासा यंत्रापासून किंचित अधिक दूर असतो, मध्यावर तो सर्वांत जवळ येतो आणि पुन्हा दूर जातो. दोनशे किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरचा शंकू साधारण वीस अंशांचा धरला, तर दहा मीटर खोलीवर त्याची रुंदी साडेतीन मीटर भरते. म्हणजे एवढ्याच वर्तुळात काय आहे ते कळते. पडद्यावरचे चित्र पाहून अवघा समुद्र दिसल्याचा जो भास होतो तो या वर्तुळाच्या मर्यादेतच खरा असतो. शिवाय ते चित्र नुकत्याच मागे गेलेल्या पाण्याचे असते, पुढच्या पाण्याचे नव्हे.

भारतीय किनारा

भारतात प्रतिध्वनी यंत्र मासेमारीच्या संदर्भात प्रथम शासकीय सर्वेक्षणाच्या जहाजांवर रुळले. मुंबईत १९४६ साली स्थापन झालेले खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण या संस्थेत परिणत झाले. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळमधील कोल्लमजवळ नीण्डकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. ज्या देशात सुंड आणि बोक्न यांनी मासळीचे आलेख काढले त्याच देशाचे हे साहाय्य होते. प्रकल्पाच्या 'कलवा' आणि 'वरुणा' या नौकांनी नैर्ऋत्य किनाऱ्यावरील मत्स्यक्षेत्रांचा शोध घेतला. त्याच दशकात, १९५७ साली, कोची येथे केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली.

प्रकल्पाचा मूळ उद्देश लहान मच्छीमाराचे जीवनमान उंचावणे हा होता. परंतु यांत्रिक होड्यांना ट्रॉल जाळ्याने कोळंबी मिळू लागली, कोळंबीला परदेशी भाव आला आणि प्रकल्पाचा ओघ निर्यातीकडे वळला. जॉन कुरियन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या स्थित्यंतराची चिकित्सा केली आहे. तिच्यात एक तांत्रिक मुद्दा जोडावयास हवा. केरळच्या उघड्या किनाऱ्यावरचा मच्छीमार लाटांतून होडी ढकलत समुद्रात नेत असे आणि परतल्यावर ती वाळूवर ओढून घेत असे. तळाखाली बोटभर जरी काही पुढे आलेले असले तरी ते पहिल्याच दिवशी वाळूत मोडले असते. ट्रान्सड्यूसर बसवण्यासाठी होडी पाण्यावर राहावी लागते, त्यासाठी धक्का लागतो, आणि धक्का असलेल्या बंदरात मोठ्या होड्यांचे मालकच प्रबळ असतात. यंत्राची किंमत हा अडसर होताच, परंतु ते फुकट मिळाले असते तरी वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीला ते वापरता आले नसते. काचतंतूच्या होड्या आणि सुटे इंजिन यांचा प्रसार होईपर्यंत हा अडसर कायम राहिला. दुसरा बदल २ मे २००० रोजी झाला. अमेरिकेने उपग्रह-स्थाननिश्चितीच्या नागरी संदेशात हेतुतः घातलेली चूक त्या दिवशी काढून टाकली. मत्स्यशोधकाने दाखवलेला खडक किंवा उंचवटा पुन्हा नेमका गाठणे त्यामुळे कोणालाही शक्य झाले. तोपर्यंत किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जागा ओळखण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जात असे आणि ती गुप्त ठेवली जात असे. आता ती आकड्यांत साठवता येऊ लागली, अर्थात आकडे दुसऱ्याला देता येऊ लागले किंवा विकताही येऊ लागले.

दिसणे आणि पकडणे

मासळी दिसणे ही गोष्ट आपल्याआप हानिकारक नाही. ती कोणत्या जाळ्याशी जोडली जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. नॉर्वेजियन समुद्रातील हेरिंगचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. फिन डेव्होल्ड यांनी १९५० सालापासून संशोधन जहाजावरील सोनारच्या साहाय्याने हेरिंगच्या थव्यांचा हिवाळी प्रवास खुल्या समुद्रात माग काढत अभ्यासला. लवकरच मासेमारी नौकांवरही सोनार आले. खाली पाहणाऱ्या यंत्राच्या जोडीला बाजूला पाहणारे यंत्र आले आणि जड जाळे ओढून घेणारी यांत्रिक कप्पी आली. थवा हेरून त्याला वेढणारे पर्ससीन जाळे आणि हा नवा डोळा एकत्र आल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, हा मत्स्यसाठा कोलमडला. तो सावरण्यास सुमारे दोन दशके लागली. योगायोग असा, की त्याच नॉर्वेत १९६५ साली ड्रागेसुंड आणि ओल्सेन यांनी प्रतिध्वनींची बेरीज करून मासळीच्या साठ्याचा अंदाज घेण्याची पद्धत मांडली. ज्या ध्वनीने मासा संपवला त्याच ध्वनीने तो मोजण्यास सुरुवात झाली.

पश्चिम किनाऱ्यावर हा संघर्ष जाळ्यांच्या नावाने लढला गेला. बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ आले, की पाण्याचा बदललेला रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून रापण टाकली जात असे. गोव्यात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. कर्नाटकातही त्याच दशकात पर्ससीन जाळी आल्यावर रापणीवर जगणाऱ्या गावांत असंतोष पसरला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर कालावधीचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यास बंदी केली. या नियमनाचा भर जाळे, त्याच्या आसाचा आकार, प्रकाश, हंगाम आणि अंतर यांवर आहे. थवा किनाऱ्याला लागण्याआधीच तो खोल पाण्यात हेरणारे यंत्र या वादात नावाने फारसे येत नाही. रापणकार किनाऱ्यावर उभा राहून थव्याची वाट पाहत असतो. थवा तेथे पोहोचणार की नाही हे मात्र त्याच्या दृष्टिक्षेपाबाहेर, एका पडद्यावर ठरलेले असते.

बोंबील आणि यंत्राची मर्यादा

उत्तर कोकणाचा अनुभव याहून निराळा आहे. वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या गावांची डोळ जाळी समुद्राच्या तळाशी पक्की बांधलेली असतात. भरती-ओहोटीचा प्रवाह जाळ्याच्या तोंडातून आत शिरतो आणि मासळी त्याबरोबर वाहत येते. येथे थव्याचा पाठलाग नाही. जाळे केव्हा लावावयाचे आणि प्रवाह फिरण्याआधी केव्हा उचलावयाचे हा खरा प्रश्न असतो. उधाणात प्रवाहाला जोर असतो, भांगात तो मंदावतो, आणि मिळकतीचा हिशेब तिथीवर चालतो. नाखव्याला हवी असलेली माहिती काळाची आहे, तर यंत्र जागेची माहिती देते.

जीवशास्त्रही यंत्राच्या बाजूचे नाही. डोळ जाळ्यातील मुख्य मासळी बोंबील. बोंबील ज्या गणात येतो त्या गणातील बहुतेक माशांप्रमाणे त्यालाही वाताशय नसतो. त्याचे शरीर अतिशय पाणीदार असते, म्हणून त्याच्यावरून येणारा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असतो. जवळा आणि कोळंबी यांना वाताशय असण्याचा प्रश्नच नाही. मुशीसारख्या कूर्चामत्स्यांतही तो नसतो. घोळ आणि त्याची भावंडे पडद्यावर ठळक उमटतात, पण त्या जाळ्याचा मुख्य भार ज्या मासळीवर आहे ती जवळजवळ अदृश्य राहते. हिमनग, पाणबुडी, कॉड आणि हेरिंग यांच्या मागे धावत घडलेले हे यंत्र गढूळ, उथळ आणि जोरदार प्रवाहाच्या या पाण्यात तळाची खोली अचूक सांगते, बुडालेला खडक दाखवते आणि पसरलेले जाळे खडकात फाटण्यापासून वाचवते. वसई-वर्सोव्याच्या अनेक नाखव्यांना त्याचा उपयोग असेल तर तो याच कामासाठी, म्हणजे शिशाच्या दोरीच्या कामासाठी. चरबीला चिकटून येणारा चिखल मात्र यंत्र वर आणत नाही. तळ मऊ की कठीण एवढेच प्रतिध्वनीच्या जाडीवरून ओळखावे लागते, आणि कोणत्या चिखलावर कोणत्या महिन्यात काय लागते हे अजूनही तांडेलालाच विचारावे लागते.